चुरगळचं राष्ट्रपेय

११ जानेवारी

बारक्या,

'प्रिय' लिहिलं नाही ते मुद्दाम. चार वर्षांत ज्याने बहिणीला साधा फोन केला नाही त्याला प्रिय कसलं डोंबलाचं लिहायचं? पत्ता आत्याकडून काढला. आधी द्यायला तयार नव्हती. "तुम्हा दोघांच्या भांडणात मला ओढू नका," म्हणाली, आणि मग स्वतःच पेन शोधायला लागली. तू कसा आहेस विचारलं तर म्हणे, "बरा आहे. पुढचं त्यालाच विचार." म्हणून विचारतेय. कसा आहेस?

आता कामाचं. कामासाठीच लिहितेय, गैरसमज नको.

आमच्या हॉटेलात मार्चच्या पहिल्या शनिवारी 'देशोदेशींची संध्याकाळ' ठरली आहे. बारमधल्या प्रत्येकाने एक देश घ्यायचा आणि त्या देशाचे लोक आनंदाच्या दिवशी पितील असं खास कॉकटेल तयार करायचं. आमच्या मॅनेजरसाहेबांनी फळ्यावर कागद लावला, देश लिहा आणि पुढे स्वतःचं नाव लिहा. मी नेमकी त्या दिवशी दाढ काढायला गेलेली. दुसऱ्या दिवशी सुजका गाल घेऊन आले तर चांगले चांगले देश सगळे संपलेले! द्राक्षांचे गेले, उसाचे गेले, समुद्रकिनारेवाले तर पहिल्यांदा गेले. आमच्यात एक उंचच उंच प्राणी आहे, त्याला सगळे खांब म्हणतात. त्याने एकट्याने दोन देश अडवलेले. म्हटलं, "त्यातला एक दे की." तर म्हणाला, "जागं असायचं वेळेवर." दाढ ठणकत होती, त्यात हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. पेन घेतलं आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं: चुरगळ.

हो. आपला चुरगळ.

मला वाटलं, साहेब विचारतील हा कुठला देश, मग हसू आणि खोडून टाकू. साहेबांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर नेला आणि म्हणाले, "वा, चुरगळ! विमान बदलायला थांबलो होतो मी तिथे एकदा. लहानसाच देश आहे, पण माणसं फार प्रेमळ."

आता यावर माणसाने काय बोलावं? मी "हो, फार" म्हटलं. कार्डं छापायला गेलीसुद्धा.

तर अडचण अशी आहे. तुला आठवत नसेल (तुला सोयीचं तेवढंच आठवतं), म्हणून सगळं लिहिते. बाबांच्या दुकानातलं इस्त्रीचं मोठं टेबल, त्याच्या चारी बाजूंनी सोडलेल्या ओल्या चादरी, आणि खाली आपण दोघं. वरून बाबांची इस्त्री या टोकापासून त्या टोकापर्यंत जायची आणि आपल्या आकाशात गडगडायचं. बाहेर सगळ्या जगाच्या चुण्या मोडत होत्या, म्हणून आपल्या देशाचं नाव चुरगळ आणि पहिला कायदा असा, की इथे कुणीही कुणाला सरळ करायचं नाही. दुसरा कायदा बाबांनी घातला. आपलं कडाक्याचं भांडण झालं होतं, देश कुणाचा यावरून. तू रडत म्हणत होतास की मी माझा देश घेऊन पलंगाखाली जातो. बाबांनी खाली न बघता सांगितलं, "अर्धा अर्धा वाटून घ्या. म्हणजे कुणालाच घेऊन पळता येणार नाही." तेव्हापासून चुरगळमध्ये एका माणसाला कुठलीच गोष्ट पूर्ण माहीत असायची नाही. राष्ट्रगीताची एक ओळ मला, पुढची तुला, आणि दुसऱ्याची आली की कानांवर हात. खजिना कुठे ते मला ठाऊक, किल्ली कुठे ते तुला, कारण सेनापती तू.

आणि राष्ट्रपेय. अर्धं मी करायचे तेव्हा तू डोळे मिटायचास, अर्धं तू करायचास तेव्हा मी. माझं अर्धं मला तोंडपाठ आहे. बाबांचा उरलेला कोरा चहा, गार झालेला. त्यात साखर. त्यात लिंबाची साल, हाताने चुरगळून.

तुझं अर्धं काय होतं? एका ओळीत कळव. बाकी काही लिहायची गरज नाही.

ताई


२४ जानेवारी

सेनापती,

उत्तर आलं नाही. पोस्टाने घोळ घातला असेल असं मी धरून चाललेय. तूही तसंच धर.

दुपारी बार बंद असतो तेव्हा मी प्रयोग करते. तू आमचा बार पाहिलास तो संध्याकाळचा, गजबजाटातला. दुपारी तो कुणी दुसराच असतो. खुर्च्या टेबलांवर उलट्या चढवलेल्या, फरशी नुकती पुसलेली, आणि पश्चिमेच्या खिडकीतून ऊन येतं ते थेट फळ्यांवरच्या बाटल्यांमधून. माझ्या हातावर हिरवं पडतं, एप्रनवर तांबूस, बर्फाच्या पेटीवर मधासारखं. काल त्यात उभी होते आणि मला चादरींच्या आतला उजेड आठवला. तोही असाच असायचा, कुठून येतोय ते कळायचं नाही. मी किती वेळ उभी होते कोण जाणे. खांब येऊन म्हणाला, "झोप लागली का उभ्या उभ्या?"

चहा, साखर, लिंबाची साल. इथपर्यंत माझा हात आपला आपण चालतो. मग येतं तुझं अर्धं आणि मी अडते. पहिल्यांदा जिन घातली. बार म्हटल्यावर काहीतरी कडक हवंच, नुसत्या चहाला कोण टाळ्या वाजवणार? आमची चव बघायची रीत अशी, की ग्लासात स्ट्रॉ बुडवायचा, वरचं तोंड बोटाने दाबून घोटभर उचलायचं आणि जिभेवर सोडायचं. खांबाने तसं चाखलं आणि म्हणाला, "दाढ काढल्यावर गुळण्या करायला देतात ना, ते." मग रम घालून बघितली. ती चहाला बोलूच देत नाही. मग संत्र्याच्या फुलांचा अर्क घातला, तर आत्याचं कपाट उघडल्यासारखा वास सुटला. मग आलं. मग वेलदोडा. मग एक निळं काहीतरी, जे मला स्वतःला आवडत नाही, पण तू लहानपणी निळ्यासाठी जीव टाकायचास म्हणून.

एकही नाही जमलं. मला आठवतं ते असं. मी डोळे मिटून बसलेली. तू गंभीर आवाजात सांगायचास, "थांब, उत्तर सीमेवरून आणलंय. फार लांबून." मग तुझी खुडबुड. कधीकधी तोंडावर गार थेंब यायचे, कारण वरची चादर गळायची. मग तू "हं" म्हणायचास आणि मी डोळे उघडायचे. आणि प्यायलं की ते माझ्या अर्ध्यापेक्षा कितीतरी छान लागायचं. माझा चहा घट्ट, गोडमिट्ट, जिभेला चिकटणारा. तू काय करायचास कुणास ठाऊक, तो मोकळा व्हायचा. लिंबाचा वास आधी यायचा आणि मग बाकीचं. इतक्या वर्षांत मी नाही नाही ती पेयं बनवली, मोठमोठ्या लोकांना पाजली, पण ते काही मला करता आलेलं नाही. आणि तू तर तेव्हा एवढासा होतास, शर्टाची बटणं आईला लावून द्यावी लागायची.

परवा स्वप्न पडलं. मी टेबलाखाली शिरले तर आत टेबल संपतच नव्हतं. चादर बाजूला केली की पुढे चादर, ती बाजूला केली की आणखी एक, सगळ्या कोमट, सगळ्यांना वाफेचा वास. वर इस्त्री गडगडत होती. तुझा आवाज येत होता, "डोळे उघडू नकोस हं." आणि मी म्हणत होते, अरे पण उघडले नाहीत तर तू सापडणार कसा? जागी झाले तर उशी ओली. वयाचं काहीतरी असेल.

साहेबांचं चुरगळप्रेम वाढत चाललंय. खांबाने त्यांना मुद्दाम विचारलं, "लोकसंख्या किती हो तिथली?" माझ्या तोंडून निघून गेलं, "दोन." साहेब म्हणाले, "बरोबर. दोन लाखांच्या आसपास."

उत्तर दे रे.

ताई


६ फेब्रुवारी

बारक्या,

पोस्टाचा घोळ नाहीये. आत्याने सांगितलं, पत्रं पोचतात. "वाचतो का?" विचारलं तर म्हणाली, "ते मला काय माहीत, मी काय त्याच्या डोक्यात बसलेय?" म्हणजे वाचतोस.

मग आता स्पष्टच बोलते, कारण मला घुसमटायला होतंय.

चार वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी मी आमच्या बारमध्ये तुझ्यासमोरचा ग्लास उचलला. तुझ्या मित्रांदेखत सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "याला आजपासून इथे काही मिळणार नाही." तू लालबुंद झालास आणि म्हणालास, "तू माझी बहीण नाहीस. तू बारवाली आहेस." आणि गेलास. शहर सोडून गेलास हेसुद्धा मला आत्याकडून कळलं.

मी चुकले असं मी म्हणणार नाही. हे पत्र माफीचं आहे असं वाटत असेल तर आत्ताच चुलीत घाल. पुन्हा तीच वेळ आली तर पुन्हा ग्लास उचलेन. हात थरथरत होते तुझे, बारक्या. चार ग्लास प्यायल्यावर थांबले. पिण्याआधी थरथरतात आणि प्यायल्यावर थांबतात ते हात मी रोज बघते, मला कुणी शिकवायला नको. बाकीच्यांचे बघते आणि बर्फ घालते. तुझे बघवले नाहीत.

आणि बारवाली तर बारवाली. पोट भरते त्यावर आणि मान वर करून भरते. पण तू ते म्हणालास ते मला लागलं. अजून लागतं. ग्लास पुसताना मधेच आठवतं आणि तोच ग्लास परत पुसत बसते. तुला हे कळावं म्हणून लिहिलं, एवढंच.

आता हे सगळं लिहून झाल्यावर एक सांगते. मला तुझ्या अर्ध्याची गरज आहे हे खरं आहे, पण ते निमित्त आहे हे तुलाही कळलंच असेल. तू काही बावळट नाहीस. मला तू हवा आहेस. बाबा गेले, आई गेली, दुकान गेलं, आणि चुरगळ अर्धा तुझ्याकडे आहे. माझ्याकडच्या ओळींनी राष्ट्रगीत होत नाही. मी परवा म्हणून बघितलं, भांडी घासताना. पहिली ओळ म्हटली, मग तुझ्यासाठी थांबले, मग तिसरी म्हटली. वेड्यासारखं वाटलं.

पहिल्या शनिवारी संध्याकाळी ये. काउंटरच्या टोकाची खुर्ची, भिंतीकडची, तुझ्यासाठी ठेवते.

ताई


१५ फेब्रुवारी

बारक्या,

येऊ नकोस.

म्हणजे, रागावू नकोस, पूर्ण वाच. मागचं पत्र टाकलं आणि आठवडाभर हवेत होते. तू येतोयस, खुर्चीवर बसतोयस, साहेब तुला चुरगळची माहिती सांगतायत, असली चित्रं रंगवत होते. मग काल दुपारी बाटल्या पुसायला घेतल्या. एकेक उतरवायची, पुसायची, परत ठेवायची. आणि एकदम माझ्या लक्षात आलं, मी तुला कुठे बोलावलंय. पायाखालची फरशी सरकली. बहीण म्हणवते आणि भावाला बोलावते कुठे, तर अख्ख्या भिंतीभर दारू मांडलेल्या खोलीत, आणि पाजणार कोण तर मीच!

म्हणून इतके दिवस जे विचारायचं टाळलं ते विचारते. अजून पितोस का?

आत्याला विचारायची हिंमत झाली नाही. ती "बरा आहे" म्हणते त्याच्यात मी रोज नवे अर्थ काढते. बरा म्हणजे सुटली असेल. बरा म्हणजे निदान नोकरी असेल. बरा म्हणजे जिवंत आहे, एवढंही असू शकेल, आत्याचं काही सांगता येत नाही.

पीत असशील तर येऊ नकोस. कुठल्यातरी सकाळी आपण चहा पिऊ, तू सांगशील तिथे येईन. पीत नसशील तरी येऊ नकोस, कारण या वासात तुला मी का उभं करू? आणि तरीही शनिवारी मी त्या खुर्चीकडे बघत राहणार, हे मला आत्तापासून माहीत आहे. काय करू सांग. मला नीट सुचतच नाहीये.

एक मात्र ठरवलं. राष्ट्रपेयात दारू घालणार नाही. इतके दिवस मी तुझ्या अर्ध्याच्या जागी एकेक बाटली ओतत होते. अरे, इस्त्रीच्या टेबलाखाली कसली आली जिन? माझी अक्कल गेली होती कुठे? चुरगळमध्ये नवा कायदा करते, दारू सीमेबाहेर. पण कायदा करायला दोघांची संमती लागते आणि तू गप्प आहेस. गप्प आहेस त्याला होकार समजू का?

ताई


२७ फेब्रुवारी

सेनापती,

भांडले. कडकडून भांडले.

साहेब म्हणाले, "कॉकटेल आहे, त्यात दारू नाही म्हणजे काय? लोक हसतील." म्हटलं, "चुरगळमध्ये चालत नाही." साहेब म्हणाले, "मी तिथे घेतलीय." म्हटलं, "ते विमानतळावर, साहेब. परदेशी लोकांपुरती असते. शहरात शिरलात का?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "नाही, आत शहरात नव्हतो गेलो." खांब शेकर घेऊन आत पळाला, हसू आवरेना म्हणून. मला साहेबांची दयाच आली. माणूस वाईट नाहीये. त्यांनाही कुठेतरी जाऊन आल्यासारखं वाटायला हवं असेल.

तर शेवटी ठरलं, चुरगळचं पेय बिनदारूचं. पण मूळ दुखणं तसंच आहे. ते अजून अर्धंच आहे. चहा आहे, साखर आहे, लिंबाची साल आहे आणि पुढे काही नाही. आता अर्धंच वाढणार. कुणी विचारलं तर सांगेन, देश अर्धाच शाबूत आहे.

इथे दुपारी हल्ली वेगळंच ऊन पडतं. ग्लासांच्या कडा पेटतात आणि छतावर हलणारे गोल दिसतात, पाण्यावर ऊन पडलं की दिसतात तसे. मी त्यांच्याकडे बघत बसते. काम सुचत नाही. काल मी काउंटरच्या खाली बसून पाहिलं. खरंच. कुणी नव्हतं, म्हणून सरळ खाली बसले, गुडघे पोटाशी घेऊन, बर्फाच्या पेटीच्या शेजारी. वर लाकूड, बाजूला लटकलेले पुसायचे नॅपकिन. पेटीचं यंत्र घरघरत होतं. डोळे मिटले आणि म्हटलं, "आण, काय आणलंयस ते." मग बराच वेळ काहीच झालं नाही, आणि मग गुडघे दुखायला लागले.

ये किंवा येऊ नकोस. मी आता काही सांगणार नाही. मागे सांगून पाहिलं, दोन्ही सांगून पाहिलं. पण मला भीती वाटते, बारक्या. या शनिवारी तू काहीच केलं नाहीस, आला नाहीस, लिहिलं नाहीस, तर मी परत कधी लिहू शकेन असं वाटत नाही. एवढा चिवटपणा एकदाच जमतो. माझा या महिन्यात खर्च झाला.

खुर्ची ठेवतेय.

ताई


९ मार्च

प्रिय बारक्या,

तू होतास तिथे, मग परत लिहिण्याचं कारण काय, असं तू म्हणशील. पण तू काउंटरच्या त्या बाजूला होतास. या बाजूला काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही. आणि बोलायला वेळ तरी कुठे मिळाला? तुला गाडी गाठायची होती आणि माझ्यापुढे माणसं उभी होती.

तर ऐक. संध्याकाळ सुरू झाली तेव्हा माझ्या पेयाकडे कुणी फिरकत नव्हतं. खांबाच्या दोन्ही देशांपुढे झुंबड. माझ्यापुढे एक रेशमी टाय लावलेले आजोबा आले, एक घोट घेतला, ओठ पुसले आणि म्हणाले, "छान आहे, पण तिथे हे याहून जरा कमी गोड असतं." मी म्हटलं, "आपण गेला होतात?" म्हणाले, "तरुणपणी." आणि गेले. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही. कारण ते बरोबर बोलले होते. गोडमिट्ट, घट्ट, जिभेला चिकटणारं. अर्धंच होतं ना.

खुर्चीवर मी नॅपकिन घडी करून ठेवला होता. दोघातिघांना उठवलं तिथून. एका बाईंना तर मी म्हणाले, "माफ करा, सेनापती येणार आहेत." त्या घाबरून दुसऱ्या टोकाला गेल्या.

मग मी बर्फ घ्यायला वाकले, आणि वर आले तर तू.

मी काय म्हणाले ते तुला आठवत असेल. मी म्हणाले, "नॅपकिन बाजूला कर आणि बस." चार वर्षांनी भाऊ दिसला आणि माझ्या तोंडून हे निघालं! आतून मी हंबरडा फोडत होते. तू बारीक झालायस. केस कानांवरचे पांढरे. पण मी आधी तुझे हात पाहिले. तू ते काउंटरवर ठेवले होतेस, दोन्ही, शेजारी शेजारी, मला दिसावेत असे. मुद्दाम ठेवले होतेस ना? मला कळलं. ते हलत नव्हते. समोर काही नव्हतं आणि तरी ते हलत नव्हते. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते मला त्या क्षणी कळलं. मला शेकर खाली ठेवावा लागला.

मी तुझ्यापुढे ग्लास ठेवला. तू वास घेतलास, हसलास आणि म्हणालास, "बाबांचा चहा."

"अर्धाच आहे," मी म्हटलं.

"डोळे मिट," तू म्हणालास.

मागे माणसं खोळंबली होती. साहेब आपल्याकडेच बघत होते. मी मिटले. तू त्याच गंभीर आवाजात म्हणालास, "थांब. उत्तर सीमेवरून आणलंय. फार लांबून." मग खुडबुड. आणि माझ्या तोंडावर गार थेंब आले.

बारक्या, मला एका क्षणात सगळं कळलं, पण मी डोळे उघडले नाहीत. वर चादर नव्हती. काउंटरच्या वर नुसतं छत आहे, कोरडं ठणठणीत. इतकी वर्षं मी समजत होते की चादर गळायची!

"हं," तू म्हणालास. मी उघडले तर पाण्याचा जग तुझ्यासमोर, तुझी बोटं ओली, आणि तू अजून झटकत होतास, अगदी बाबांसारखं. शर्ट पसरायचा, बोटं बुडवायची, शिंपडायचं, मगच इस्त्री.

"पाणी?" मी म्हटलं.

"पाणी," तू म्हणालास. "दुकानातल्या फळीला हात कुठे पोचायचा माझा? टेबलाखाली बाबांचं शिंपडायचं भांडं तेवढं होतं."

मी स्ट्रॉ बुडवला, बोटाने दाबला, चव घेतली. तेच. लिंबाचा वास आधी आणि मग बाकीचं. आमच्या कामात हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात, पेय घट्ट झालं, वास आतच अडकला, तर त्याला थोडं पाणी दाखवा. मी स्वतः नव्या पोरींना शिकवते. आणि महिनाभर मी भिंतीवरच्या सगळ्या बाटल्या पालथ्या घातल्या. तुझ्यापुढे म्हणाले नाही, पण स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

मग तू त्या जगमधलं पाणी एका रिकाम्या ग्लासात ओतलंस, तो वर उचललास आणि म्हणालास, "मी आता एवढंच पितो, ताई." असं साधं म्हणालास, जणू घर बदललं असं सांगतोयस. आणि प्यायलास. मी तिकडे तोंड फिरवून बर्फ फोडायला घेतला. खांबाने विचारलं, "इतका बर्फ कुणासाठी?" त्याला काय सांगणार? गरज नसताना फोडला मी तो. रडताना कुणी आवाज ऐकू नये म्हणून फोडला.

त्यानंतरचं तू पाहिलं नाहीस. तू गेल्यावर मी प्रत्येक ग्लासावर पाणी शिंपडायला लागले, बाबांच्या हाताने. लोकांच्या तोंडावर, कपड्यांवर थेंब उडायचे आणि ते दचकून हसायचे. गर्दी वळली. खांब आपले दोन्ही देश सोडून बघायला आला. साहेब लोकांना सांगत होते, "तिथली पद्धतच आहे ही. पाहुणा आला की आधी शिंपडतात." मी त्यांच्यावरही शिंपडलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, आणि मला वाटलं, आज हे खरोखर जाऊन आले.

जाताना तू दारातून वळून राष्ट्रगीताची दुसरी ओळ म्हणालास. मोठ्याने, सगळ्यांसमोर. मला माहीतच नव्हतं तिच्यात मी आहे. तुझ्या ओळीत माझं नाव होतं आणि तू मला कधी ऐकू दिली नव्हतीस, गाढवा.

आता एक पंचाईत झाली आहे. राष्ट्रपेय मला पूर्ण माहीत झालं. चुरगळच्या कायद्यात हे बसत नाही. एकाच माणसाला पूर्ण माहीत असेल तर तो माणूस देश घेऊन पळू शकतो, आणि माझा काही भरवसा नाही. तेव्हा हे पेय आजपासून बंद. नवीन करावं लागेल. माझं अर्धं मी ठरवलंय, सांगणार नाही. तुझं अर्धं तू ठरव आणि पत्रात मुळीच लिहू नकोस.

घेऊन ये. बारमध्ये नको, घरी ये. बाबांचं टेबल मी स्वयंपाकघरात ठेवलंय, जेवते त्यावर. चादर धुऊन ठेवते. आपण आता त्याच्याखाली मावणार नाही, पण पाय तरी आत घालू.

ताई